राक्षसाचा पहिला घास

माझी बायको बाहुल्या करते. हे कोणाला सांगितलं की तो आधी "अरे वा!" म्हणतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "आणि काम काय करतात त्या?"

हेच काम. मुलांसाठी नाटकं करणारी एक मंडळी आहे, तिच्या सगळ्या बाहुल्या आमच्या घरात जन्माला येतात. आमच्या दोन खोल्या. एकीत आई, तिचा पलंग आणि तिची वर्तमानपत्रं. दुसरीत आम्ही दोघं, शेगडी, जेवणाचं टेबल आणि त्या टेबलावर त्या वेळी जो कोणी अर्धवट जन्मलेला असेल तो. त्यामुळे जेवण बहुतेक वेळा मांडीवर ताट घेऊनच होतं. एकदा महिनाभर आम्ही एका गाढवाच्या समोर बसून जेवलो. गाढवाला डोळे अजून लावायचे होते म्हणून आईला अवघडल्यासारखं व्हायचं नाही. डोळे लावले त्या दिवशी तिनं ताट उचललं आणि आतल्या खोलीत गेली.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. शहरभर हिंडतो. पिशवीत पाने, ग्रीसचा डबा, विजेरी, आणि डोक्यात कुठल्या इमारतीत काय चांगलं मिळतं याचा नकाशा. लोकांना माहीत नसतं, पण लिफ्टचा खड्डा म्हणजे इमारतीचं उलटं धुराडंच. दुपारच्या आधी तुम्ही तळाशी उतरून केबल तपासत असाल, तर सगळ्या मजल्यांचे वास तुमच्याकडे खाली येतात. कुठे कांदा तळला जातोय, कुठे पाव भाजतोय, कुठे कालचंच गरम करून आजचं म्हणून वाढतायत, सगळं कळतं. अशी मी कितीतरी ठिकाणं शोधून काढली. ज्यांच्यावर पाटी नाही, ज्यांची जाहिरात नाही, अशी. आमच्या घरात कामाची वाटणी साधी होती: बायको करायची आणि मी खायचो.

तर त्या वर्षी मंडळीनं नवं नाटक घेतलं. गोष्ट लहानशीच. डोंगरावरून एक राक्षस उतरतो, गावाचं सगळं धान्य खाऊन टाकतो, माणसं पळून जातात. एक मुलगी तेवढी मागे राहते. ती त्याच्यासमोर बसून त्याला आपल्यातला पाव देते, आणि राक्षस आयुष्यात पहिल्यांदा कोणाबरोबर तरी जेवतो. बास. मुलगी, गावकरी, कोंबड्या हे सगळं हिनं भराभर करून टाकलं. राहिला राक्षस. त्याचं डोकं माणसाच्या कमरेइतकं मोठं हवं होतं, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या मुलालाही दिसलं पाहिजे.

मंडळीच्या दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणतात. पूर्वी ते शाळेत गणित शिकवायचे, आणि अजूनही त्यांना प्रत्येक गोष्टीचं उत्तर ठरल्या वेळेत हवं असतं. माणूस मनानं लोण्यासारखा, पण घड्याळ बघितलं की दगड. त्यांनी राक्षसाची तारीख दिली आणि तारखेच्या आधीच राक्षस तयार झाला.

काय झाला होता म्हणून सांगू! जाड भुवया, नाकपुड्या गुहेसारख्या, दात असे की दंतवैद्यानंही हात जोडावेत. शेजारीपाजारी बघायला आले. मास्तर आले, एक फेरी मारली, दुसरी मारली आणि म्हणाले, "बाई, झकास! मुलं खुर्चीखाली लपणार." आई म्हणाली, "मी रात्री पाणी प्यायला इकडे येणार नाही. माझा तांब्या आतच ठेवा." आईच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी आम्ही ऐकलेली नव्हती.

हिनं फक्त मान हलवली. दोन दिवस ती येता-जाता त्याच्याकडे बघत होती. भांडी घासताना, केस विंचरताना. दाराशी जे पाहुणे बसवले ते बोलावलेलेच आहेत का, अशी शंका आल्यावर माणूस बघतो तसं.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर आई दारातच उभी. तिच्या हातात चमचा.

"तुझ्या बायकोनं त्याला बुडवला."

"कोणाला?"

"जा, बघ."

न्हाणीघरात टब भरलेला होता आणि टबात कागदाच्या लगद्याचा राक्षस तरंगत होता. भुवया सुटून बाजूला गेल्या होत्या. नाक विरघळायला लागलं होतं. ही बाही वर करून शेजारी स्टुलावर बसली होती आणि हातानं त्याला सावकाश पाण्यात दाबत होती, जणू बाळाला अंघोळ घालतेय.

"अगं, काय केलंस हे?"

"तो नव्हता तो."

"सगळ्यांना आवडला होता."

"मलाही आवडला होता," ती म्हणाली. "पण तो नुसता ओरडतोय रे. पहिल्या मिनिटालाही ओरडतोय आणि शेवटच्या मिनिटालाही. ती मुलगी त्याच्यासमोर पाव धरणार, तेव्हाही हा ओरडतच राहणार. अशा माणसाबरोबर कोण जेवेल?"

मी टॉवेल घेतला आणि सांडलेलं पाणी पुसायला लागलो. एवढं चांगलं डोकं पाण्यात गेलेलं बघून माझं काळीज तुटत होतं, खोटं कशाला बोलू. पण हिचा हात असा शांत होता की त्याच्याकडे बघून माझाही जीव थोडा जागेवर आला.

मास्तरांचा जीव मात्र जागेवर आला नाही. ते दुसऱ्या दिवशी आले ते टोपी हातात घेऊनच.

"बाई, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं हे? प्रयोग तोंडावर आलाय! नाट्यगृह ठरलंय, शाळांना कळवलंय."

"होईल, मास्तर."

"कधी होईल? कसं होईल? निदान कागदावर तरी काढून दाखवा."

"अजून मलाच दिसलेलं नाही, तुम्हाला काय दाखवू?"

मास्तर माझ्याकडे वळले. बहुतेक दोन पुरुष मिळून काही मार्ग काढू असं त्यांना वाटलं असावं. तेवढ्यात आतून आई आली. हीच आई, जी आदल्या रात्रीपासून मला सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय का विचारत होती. ती मास्तरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, विरजण लावलेलं भांडं कोणी दर पाच मिनिटांनी हलवून बघतं का? मग ते लागेल कसं? बसा, चहा घ्या आणि घरी जा."

मास्तर बसले, चहा घेतला आणि घरी गेले. जाताना दारात मला म्हणाले, "दुसऱ्या मंडळीकडे एक जुना राक्षस आहे. अगदीच अडलं तर मागून आणतो. बाईंना सांगू नका." मी सांगितलं नाही. ते दारात बोलत असतानाच हिनं ऐकलं होतं.

मग सुरू झाले ते दिवस. रोज सकाळी ही मातीचा गोळा टेबलावर घ्यायची, दुपारपर्यंत त्यातून एक चेहरा काढायची आणि संध्याकाळी मूठ मारून तो परत गोळा करून टाकायची. एक चेहरा फार दुःखी झाला. एक आमच्या घरमालकासारखा झाला, तो तिनं लगेच मोडला, कुणी बघायच्या आत. एक तर इतका गोड झाला की आई म्हणाली, "याला तर मीच जेवायला वाढेन." ही म्हणाली, "तेच तर. याला कोणीही वाढेल." आणि मूठ मारली. मातीवर चढवायच्या लगद्यासाठी कागद भिजतच होता. आईचं वर्तमानपत्र वाचून व्हायच्या आत बादलीत जायला लागलं आणि तिचं अर्धं सोडवलेलं शब्दकोडं कायमचं अर्धं राहिलं. ती नुसती बादलीकडे बघून "आडवे सात" एवढंच पुटपुटली.

मला चेहऱ्यातलं काही कळत नाही. पण बंद पडलेल्या लिफ्टचं एक कळतं. कधीकधी सगळं तपासून झालं, तारा बघितल्या, दारं बघितली, मोटर बघितली, तरी लिफ्ट हलत नाही. अशा वेळी बटण दाबत बसलं तर मोटर जळते. माझा पहिला उस्ताद म्हणायचा, आधी काहीतरी खाऊन ये. खाऊन आलं की बरेचदा बिघाड समोरच दिसतो. लिफ्ट बदललेली नसते, आपण बदललेलो असतो.

म्हणून मी एका सकाळी हिला म्हणालो, "हात धू. चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"कामावर. आणि मधे जेवायला."

"माझं काम पडलंय इथे."

"ते कुठे पळून जात नाही. पळून गेलं तर बरंच होईल, कुठे गेलं ते तरी कळेल."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. माती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि निघाली.

पहिल्या दिवशी तिला मी न्यायालयाच्या मागच्या गल्लीत घेऊन गेलो. तिथे जिन्याखाली दोन भावांची खानावळ आहे. चार टेबलं, एकच पदार्थ: मटारचं दाट सूप आणि भाजलेला पाव. धाकटा भाऊ शिजवतो, थोरला वाढतो, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. का, ते आता त्यांनाही आठवत नसावं. निरोप गिऱ्हाइकांमार्फत जातात. आम्ही बसतो न बसतो तोच थोरला माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, जरा आत सांगा, मिरी संपत आली आहे."

ही उठून आत डोकावून म्हणाली, "मिरी संपत आली आहे म्हणतायत."

आतून आवाज आला, "त्यांना म्हणावं, डोळे उघडे ठेवून बघितलं तर फळीवर दुसरा डबा दिसेल."

हिनं तेही इमानेइतबारे पोचवलं. मग आम्ही सूप प्यायलो. बाहेर वकील मंडळी भांडत आत येत होती आणि वाडग्यावर वाकली की गप्प होत होती. मला वाटलं होतं ही वही काढेल, चेहरे टिपून घेईल. पण वही तिनं आणलीच नव्हती. नुसती जेवत होती, पावाचा तुकडा वाडग्याच्या कडेनं फिरवत.

"काही काढत का नाहीस?" मी विचारलं.

"जेवू दे की."

मी जेवू दिलं. पण मनात धास्ती होतीच. मास्तरांचा जुना राक्षस मला डोळ्यांसमोर दिसत होता, एका कानाचा.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या टोकाला, मासे तळणाऱ्या बाईच्या टपरीवर. ही बाई प्रचंड कजाग. "उभे राहून खा, बसायला जागा नाही, हाडं खाली टाकाल तर तुम्हालाच उचलायला लावीन," असं गिऱ्हाइकाला आल्या आल्या ऐकवते. पण मासा कढईतून काढला की तो तुमच्या हातात देताना म्हणते, "भाजेल हं." ते "हं" ऐकायला मी अर्धं शहर ओलांडून जातो. माझ्या बायकोनं तिथे दोनदा मासा घेऊन खाल्ला आणि तिसऱ्यांदा ती नुसतीच उभी राहून रांगेतल्या लोकांकडे बघत राहिली. नंतर चालता चालता म्हणाली, "ओझी उचलणारा तो गडी बघितलास? किती दणकट. आणि मासा कसा धरला होता, दोन्ही हातांत. चिमणी धरावी तसा."

"मग? तसे हात करायचे का?"

"माहीत नाही. नुसतं सांगितलं."

तिच्या बोलण्यातून लगेच काहीतरी काढायचं नाही, हे मी शिकत होतो. तेही सोपं नाही. आमच्या धंद्यात हातात पाना असला की तो कशाला तरी लावावासाच वाटतो.

असे आठवडाभर हिंडलो. मी खड्ड्यात उतरलो की ती वर जिन्यात बसायची, इमारतीतल्या लोकांशी बोलायची. एका ठिकाणी तिनं कोणाच्या तरी आजीची लोकरीचा गुंता सोडवून दिला. दुसऱ्या ठिकाणी दोन बिऱ्हाडांमधलं भांडण ऐकून आली आणि मला रंगवून सांगितलं. तिचा चेहरा भरत चालला होता. राक्षसाचं नाव आम्ही काढत नव्हतो. आई मात्र रोज संध्याकाळी आमच्या हाताकडे बघायची: बांधून काय आणलं? पहिल्या दिवशी नाक मुरडलं. "बाहेरचं कसलं खायचं!" चौथ्या दिवशी विचारलं, "त्या भावांकडे पुन्हा जाणार आहात का? नाही, पाव बरा होता म्हणून म्हटलं."

त्या आठवड्याच्या शेवटी एका मोठ्या कचेरीत लिफ्टची नेहमीची तपासणी होती. तिच्या आठव्या मजल्यावर कर्मचाऱ्यांसाठी कँटीन आहे. बाहेरच्यांना मज्जाव, पण लिफ्टवाल्याला कोण अडवणार? तो कुठल्याही मजल्यावर उतरू शकतो. तिथलं पुडिंग म्हणजे माझा जीव की प्राण. गरम दूध-अंड्याचं, वर जळलेल्या साखरेचा पापुद्रा. मी हिला खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलं आणि दोन वाट्या घेऊन आलो.

तेवढ्यात कँटीनमधली कुजबुज बंद झाली. एक भला थोरला माणूस आत आला होता. खांदे दारात मावत नव्हते, भुवया जोडलेल्या. तो रांगेत उभा राहिला आणि पुढच्या माणसांनी आपोआप वाट करून दिली. शेजारच्या टेबलावरची मुलगी आपल्या मैत्रिणीला हळूच म्हणाली, "साहेब आज वर कसे?" तो कोणाचाही साहेब असो, सगळा मजला त्याला टरकून होता एवढं आम्हाला कळलं. त्यानं पुडिंग घेतलं आणि आमच्या समोरच्या टेबलावर, एकटाच, पाठ ताठ ठेवून बसला. चमच्यानं पापुद्रा फोडला. पहिला घास तोंडात घातला.

आणि डोळे मिटले.

एवढंच झालं. पण डोळे मिटल्यावर तो सगळा चेहरा खाली उतरला. भुवया सुटल्या, गाल सैल झाले, आणि त्या जागी क्षणभर कोणीतरी दुसराच बसलेला दिसला. मग डोळे उघडले, भुवया पुन्हा जोडल्या गेल्या, साहेब परत आले.

मी हिच्याकडे बघितलं. तिचा चमचा हवेतच होता.

"तोंड नाही," ती म्हणाली. "मी आपली तोंडच करत बसले होते. दात, ओठ, जबडा. खाणं तोंडात नसतंच मुळी. ते इथे असतं." आणि तिनं बोटानं आपली पापणी खाली ओढली. "चल घरी."

"अगं, पुडिंग तरी—"

"आण ते बांधून. आईंना देऊ."

मला वाटलं, आता घरी पोचताच माती घेऊन बसणार. कसलं काय! तिनं घरी येऊन चादरी धुतल्या, वाळत घातल्या, आईच्या केसांना तेल लावलं आणि दिवे लागायच्या आत झोपून गेली. मी आणि आई एकमेकांकडे बघत राहिलो.

"सापडलं म्हणालास ना?" आई कुजबुजली.

"सापडलंय असं वाटतं."

"मग झोपली कशी?"

"सापडलंय म्हणूनच झोपली असेल."

सकाळी मला जाग आली ती थापट्यांच्या आवाजानं. माती टेबलावर उभी होती आणि ही तिच्याभोवती फिरत होती. थांबणं नाही, खोडणं नाही. दुपारी मी जेवायला आलो तेव्हा राक्षसाला कपाळ होतं, संध्याकाळी गाल. मोठा, ओबडधोबड, भीतीदायकच. कड्यावरचा दगड निसटून यावा तसा. पण तोंड अगदी साधं, मिटलेलं. आणि डोळ्यांच्या जागी दोन मोठ्या खाचा.

मातीवर चढवलेला लगदा वाळला, आतली माती निघाली, तेव्हा "आता तू," ती मला म्हणाली. "मला पापण्या पाहिजेत. मिटणाऱ्या."

हे माझ्या हद्दीतलं काम होतं, त्यामुळे मी अंगात वारं शिरल्यासारखा उठलो. लिफ्टचा डबा एवढा जड असून सहज वर-खाली होतो, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन टांगलेलं असतं. मी तसंच केलं. लगद्याच्या पापण्या, दोन छोट्या कप्प्या, मागच्या बाजूला दोरीला लोखंडी चकत्या. आईला समोर बसवलं आणि दोरी सोडली.

धप्प! पापण्या पडल्या.

"अगंबाई!" आई छातीवर हात ठेवून म्हणाली. "मेला की काय?"

खरंच मेल्यासारखा दिसत होता. मी एक चकती काढली. आता एक डोळा मिटला, दुसरा उघडाच. आई म्हणाली, "हा तर डोळा मारतोय मला." दोन संध्याकाळी आम्ही तिघं त्याच खटाटोपात होतो. शेवटी हिनं लगद्याच्या पापण्या काढून टाकल्या आणि आईची एक जुनी मऊ कातड्याची पर्स मागितली. आईनं ती पर्स उघडली, आत हात फिरवला, पुन्हा बंद केली आणि दिली. "तशीही साखळी तुटली होती," म्हणाली. ती साखळी मी स्वतः दुरुस्त करून दिलेली होती. कातड्याच्या पापण्या सुरकुतत मिटायला लागल्या, खऱ्यासारख्या. आणि मी दोरी जाड लोकरी कापडाच्या फटीतून ओवली, म्हणजे ती घासत घासत, सावकाश सरकली. पापण्या आता अशा उतरत होत्या की बघणाऱ्यालाही जांभई यावी.

मास्तर न्यायला आले तेव्हा रंग अजून ओला होता. त्यांनी फेरी मारली. दुसरी मारली नाही.

"बाई, रागावू नका. पण याला घाबरणार कोण? याला दातच नाहीत."

"दात तोंडात आहेत, मास्तर. तोंड मिटलंय."

"मुलांना दिसणार नाहीत ना ते."

"त्यांना माहीत असतं."

मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं, राक्षसाकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि दोन माणसांना म्हणाले, "उचला." त्यांना पटलेलं नव्हतं. ते वाद घालू शकले असते, दुसरं डोकं मागवू शकले असते. पण इतकी वर्षं एकत्र काम केलेल्या माणसावर कुठेतरी भार टाकून द्यावाच लागतो. त्यांनी तो टाकला, तोंड वाकडं करून का होईना.

प्रयोग रविवारी सकाळी होता. मी आणि आई मधल्या रांगेत बसलो. आजूबाजूला नुसती पोरं, कोणी खुर्चीवर उभं, कोणी उलटं बसलेलं. ही पडद्यामागे होती. तिला प्रयोग समोरून बघवत नाही, नुसती ऐकत उभी राहते.

राक्षस डोंगरामागून वर आला तेव्हा पोरं एकदम चिडीचूप झाली. दात नव्हते तरी. माझ्या पुढचा एक मुलगा हळूच खाली सरकला. गावकरी पळाले, कोंबड्या पळाल्या, सगळं धान्य गेलं. मग ती छोटी मुलगी आली, राक्षसासमोर मांडी घालून बसली आणि पावाचा तुकडा वर धरला. राक्षस वाकला. एवढं मोठं डोकं, सावकाश खाली. तुकडा तोंडाशी गेला. आणि पापण्या उतरायला लागल्या.

अख्ख्या नाट्यगृहात आवाज नाही. डोळे अर्धे मिटले, आणखी मिटले. तेवढ्यात मागच्या कुठल्याशा रांगेतून एक चिमुरडा आवाज आला, चांगला खणखणीत:

"गरम आहे! फुंकून खा!"

सगळं नाट्यगृह हसलं. मोठी माणसं हसली. आणि मग पुढच्या रांगेतून दुसऱ्या कोणीतरी फुंकर घातली, मग तिसऱ्यानं, आणि बघता बघता ती सगळी पोरं राक्षसाच्या पावावर फुंकर घालत होती. पडद्याआड राक्षस धरणारे गडी हुशार निघाले, ते थांबले. फुंकर संपेपर्यंत थांबले. मग राक्षसानं डोळे उघडून त्या मुलांकडे एकदा बघितलं आणि घास घेतला.

आई रडत होती. मी विचारलं तर म्हणाली, "डोळ्यात काहीतरी गेलं." मास्तर भिंतीशी उभे होते. त्यांच्या हातातली टोपी पार चुरगळलेली होती. प्रयोग संपल्यावर ते मागे गेले आणि हिला काय म्हणाले ते मला माहीत नाही. मी पोचलो तेव्हा दोघं नुसतेच उभे होते आणि ही राक्षसाच्या कपाळावर हात ठेवून त्याचा रंग कुठे खरवडला का बघत होती.

"ऐकलंस?" मी म्हणालो.

"फुंकून खा," ती म्हणाली. "हे मला सुचलं असतं का कधी?"

मग भूक लागली. सगळ्यांनाच, एकदम. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "माझ्यामागे या, या शहरात मी म्हणजे—" आणि आम्ही सगळे, मास्तर, आई, राक्षस धरणारे दोघं, निघालो. पण रविवार होता. न्यायालय बंद म्हणून भावांची खानावळ बंद. बाजार बंद म्हणून मासेवाली नाही. कचेरीच्या आठव्या मजल्यावर तर कुत्रंही नसणार. माझ्या डोक्यातला अख्खा नकाशा कुलूप लावून बसला होता. आईचे पाय दुखायला लागले, मास्तर घड्याळ बघायला लागले. शेवटी एका वळणावर जे पहिलं उघडं दिसलं त्यात शिरलो. त्या ठिकाणाबद्दल न बोललेलंच बरं. सूप म्हणजे कोमट पाणी, ज्यानं भाजी फक्त लांबून बघितली होती. मासा थंड. पाव काल कधीतरी ताजा असेल. मास्तर प्रत्येक घासाला काहीतरी म्हणत होते, आई चमच्यानं सूप ढवळून तळाशी काही सापडतंय का बघत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझ्या बायकोनं मात्र पुढ्यातलं सगळं संपवलं होतं.

"कसं आहे?" मी ओशाळून विचारलं.

"अगदी भिकार," ती म्हणाली, आणि वेटरला हाक मारून आणखी पाव मागवला.